ये, पण राजीनामा देऊन नको

इंदूर

प्रिय मृणाल,

इंग्लंडहून वर्षभर मध्य प्रदेशातल्या झाबुआला येऊन काम करायचं तुझ्या मनात आहे हे वाचलं आणि फार आनंद झाला. राजीनाम्याचा विचार मात्र डोक्यातून काढून टाक. तुमच्याकडे ओओपीई, म्हणजे ट्रेनिंगमधून काही काळ बाहेर पडून अनुभव घ्यायची सोय, याचसाठी आहे. डीनची मंजुरी मिळाली की ट्रेनिंग नंबर, म्हणजे तिथली तुझी जागा, शाबूत राहतो. तो काळ ट्रेनिंगमध्ये धरत नाहीत, म्हणून सीसीटी, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचा दाखला, पुढे जाईल. जाऊ दे! आपल्याकडे एमडीच्या ३ वर्षांत जिल्हा रुग्णालयाचे ३ महिने मिळतात, तेही नेमून दिलेले. तुला स्वतः निवडता येतंय.

रक्तविकाराच्या डॉक्टरला इथे किती काम आहे म्हणून सांगू! इंग्लंडात बाळाच्या टाचेतून रक्त घेतात आणि सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तेव्हाच कळतो. इथे फळियातलं, म्हणजे पाड्यावरचं, पोर हातपाय दुखतात म्हणून रडत राहतं, निदानाला वर्षं जातात. १ जुलै २०२३ला शहडोलहून सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, लक्ष्य २०४७चं. तपासण्या होतात, कार्डंही वाटतात. खरी अडचण त्यानंतरची. हायड्रॉक्सीयुरिया हे त्यावरचं औषध सुरू केलं की अधूनमधून रक्त तपासावंच लागतं, आणि दिवाळीनंतर अख्खं घर मजुरीला गुजरातेत गेलेलं असतं. होळीआधी भगोरियाच्या जत्रेला माणसं गावी परततात, तेव्हाच त्यांना गाठायचं. डोस तुला येतोच गं, पण औषध माणसाच्या वर्षात कसं बसवायचं हे कोणत्या रोटेशनमध्ये शिकवतात? भिल्ली चार वाक्यं शिकलीस तर मुलांच्या आयाच तुला शिकवतील.

तुझ्या सहकाऱ्यांना वाटतं तू मागे पडशील. मला तसं मुळीच वाटत नाही. सिकल सेलचा पेशंट पुन्हा पुन्हा का येत नाही, हे ज्या डॉक्टरला कळलं, ती कुठेही चांगली कन्सल्टंट होईल.

व्हिसाचं मात्र आधी नीट बघ. बिनपगारी रजा ४ आठवड्यांवर गेली की स्पॉन्सरशिपचा प्रश्न उभा राहतो, आणि आयएलआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, कुठल्याही १२ महिन्यांत १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय तारीख ठरवू नकोस. इथलं मेडिकल रजिस्ट्रेशन चालू आहे ना, तेही पाहून घे. अर्ज चांगला सहा महिने आधी कर, शेवटच्या वर्षापर्यंत थांबू नकोस.

अर्जाचा मसुदा मला पाठव. काय शिकणार हे लिहायचं असतं ना, तिथे भगोरियाचं नक्की लिही. काकूंची काळजी करू नकोस, रविवारी जाऊन मीच त्यांच्याशी बोलते.

तुझीच,
वैदेही