मोकळा प्लॉट, बंद लाईट अन् बीटवरचा पोलीस

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की नागपुरात घरफोडीच्या बातम्या सुरू होतात. अर्धा लेआउट सुट्टीत गावाला गेलेला असतो आणि उरलेल्यांच्या घरी कूलर एवढा घरघरतो की बाजूच्या घराचं कुलूप तोडलं तरी पत्ता लागत नाही. मग सगळ्यांचं एकच, सीसीटीव्ही लावा. लावा ना, पण आधी हटकायला तर माणूसच पाहिजे.

आमच्या मानेवाडा भागात एका मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत होतं, मालक बाहेरगावी, कोपऱ्यावरच्या खांबाचा लाईट बंद, मागे दारूच्या बाटल्यांचा खच, ट्यूशनवरून येणाऱ्या पोरी तो रस्ता सोडून मेन रोडने फेरा मारून यायच्या. शेवटी लोकांनी वर्गणी करून प्लॉट साफ केला, मागे लागून लागून लाईट लावून घेतला, दोन बाकं टाकली. आता संध्याकाळी तिथे काकू लोक बसतात, पोरं बॅडमिंटन खेळतात आणि पिणारे भांडण न करता निघून गेले. फक्त ते पुढच्या लेआउटच्या अंधारात जाऊन बसले, म्हणून हे एकट्या गल्लीचं काम नाही, संपूर्ण वॉर्डात व्हायला पाहिजे. अमेरिकेत फिलाडेल्फियात पाचशेच्या वर पडीक प्लॉट घेऊन हाच प्रयोग झाला, काही साफ करून गवत-झाडं लावली, काही तसेच ठेवले, आणि 2018 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात गरीब वस्त्यांमधला गोळीबार 29 टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

दुसरी गोष्ट पोलिसांची. 112 ला फोन केला की गाडी येते, चांगलंच आहे, पण बीटवरच्या शिपायाला आमच्यातले चार लोक नावाने माहीत नाहीत आणि आम्हाला तो. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पुढे डीसीपी सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं आणि बीटचा पोलीस नेमाने एकत्र बसायचे, आणि 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तेव्हा तर मोबाईलसुद्धा नव्हता.

नजर ठेवा म्हणजे भाजीवाल्याला नाहीतर भाड्याने राहणाऱ्या पोरांना छळा असं नाही, हे काही लोकांना काहून समजत नाही? गल्लीत नवीन कोण फिरून राहिलं हे सगळ्यात आधी त्या भाजीवाल्यालाच दिसतं, त्यालाही मीटिंगला बोलवा.

पोलीस आयुक्त साहेबांना विनंती आहे की महिन्यातून एकदा मीटिंग ठाण्यात नाही, लेआउटमध्येच घ्या, सोबत महापालिकेचा लाईटवाला आणि सफाईवाला अधिकारी असू द्या, आणि बीटचा माणूस ओळख होताच बदलू नका. पहिली मीटिंग आमच्या प्लॉटवर घ्या, खुर्च्या आणि चहा आमच्याकडे.

आपला एक वाचक,
मानेवाडा, नागपूर