पालिकेच्या विम्याची मालमत्ता-यादी आधी सभागृहात येऊ द्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

महापालिकेच्या विमा नूतनीकरणाचा विषय सभागृहात येतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच आकड्यावर बोलले जाते: यंदा हप्ता किती वाढला. वाढला तर ओरड होते, घटला तर प्रशासनाची पाठ थोपटली जाते आणि विषय मंजूर होतो. नुकसानीच्या पाहणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. भरपाईचे घोडे कुठे अडते हे जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

ते अडते मालमत्तेच्या यादीत. एखाद्या पंपगृहाचे उदाहरण घ्या. यादीत एका ओळीत लिहिलेले असते, ‘पंपगृह, इमारत व यंत्रसामग्री’, आणि पुढे बांधकाम झाले त्या वर्षाची रक्कम. मधल्या काळात मोटारी बदलल्या, नवे कंट्रोल पॅनेल बसले, जनरेटर आला. हे सगळे खरेदी विभागाच्या कागदांत आहे, विम्याच्या यादीत नाही. मग एका रात्री पाणी शिरते. सर्व्हेअर येतो, चिखलाने माखलेल्या मोटारीवरची पाटी पुसून अनुक्रमांक लिहून घेतो आणि यादी मागतो. अभियंत्याकडे दाखवायला तीच जुनी ओळ असते.

पुढचा हिशेब निर्दय आहे. १०० कोटींची मालमत्ता ६० कोटींना उतरवली असेल आणि २० कोटींचे नुकसान झाले, तर २० कोटी मिळत नाहीत. कमी विम्याच्या कलमानुसार (आमच्या धंद्यात याला ॲव्हरेज म्हणतात) १२ कोटी हाती पडतात. वर एक्सेस, म्हणजे पालिकेने स्वतः सोसायचा पहिला वाटा, वजा होतो. आणि विमा घसारा धरून घेतला असेल, तर जुन्या यंत्राची जुनीच किंमत मिळते. नवे यंत्र मात्र आजच्या भावाने घ्यावे लागते. पुनर्स्थापना मूल्याच्या विम्याला, म्हणजे घसारा न धरता नव्या यंत्राचा आजचा भाव देणाऱ्या विम्याला, हप्ता जास्त पडतो हे खरे, पण रुग्णालय, जलशुद्धीकरण केंद्र, अग्निशमन केंद्र यांच्यासाठी तो मोजलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यादी चोख असली तरी दावा झटपट निकाली निघेल असे नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २२ फेब्रुवारी २०११ रोजी भूकंप झाला, आणि तिथल्या नगर परिषदेची विमा कंपनीशी ६३.५ कोटी न्यूझीलंड डॉलरची तडजोड व्हायला २०१५ चा डिसेंबर उजाडला. तोवर शहर काही थांबून राहत नाही. म्हणून स्वतःचा राखीव निधी हवा. तो असेल तर किरकोळ नुकसान पालिका स्वतः सोसू शकते, एक्सेस वाढवून हप्ता कमी करता येतो आणि वाचलेला पैसा मोठ्या संकटाच्या संरक्षणाकडे वळवता येतो.

दायित्वाच्या विम्याकडे, म्हणजे पालिकेमुळे इतरांना इजा झाली तर द्याव्या लागणाऱ्या भरपाईच्या विम्याकडे, तर कोणी बघतही नाही. उघड्या मॅनहोलमध्ये पडलेला माणूस, फांदी कोसळून जखमी झालेली बाई, पालिकेच्या वाहनाची धडक, यांचे दावे कधी कधी काही वर्षांनी दाखल होतात. ज्या पॉलिसीत दावा दाखल झाल्याची तारीख धरली जाते, तिथे कंपनी बदलताना पूर्वलक्षी तारीख (ज्या तारखेपासूनच्या घटना विम्यात धरल्या जातात ती) जुनीच ठेवून घ्यावी लागते. स्वस्त निविदेच्या नादात ती पुढे सरकली, तर मधल्या घटनांना ना जुनी कंपनी उभी राहते ना नवी. हप्त्यात वाचले त्याच्या कितीतरी पट न्यायालयात जाते.

सायबर हल्ल्याचेही तसेच. मे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला (संगणक बंद पाडून ते सोडवायला पैसे मागितले गेले) तेव्हा शहराकडे असा विमाच नव्हता. नुकसानीचा अंदाज सुमारे १.८ कोटी डॉलरचा होता. विमा घेतला गेला त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये.

माझी मागणी साधी आहे. मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी प्रत्येक खात्याने आपल्या मालमत्तेची यादी आजच्या किमतीसह द्यावी, मागील पाच वर्षांचे दावे आणि अपुरी भरपाई मिळालेले दावे जोडावेत, आणि हे सगळे निविदा काढण्याआधी सभागृहापुढे यावे. विमा कंपनीच्या तपासणी अहवालातल्या सूचना पाळल्या का, हेही नगरसेवकांनी विचारावे. बंद पडलेला हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) कंपनीपासून लपवला तर दावा नाकारायला तिला आयते कारण मिळते. आणि ब्रोकरला मोबदला कोण देतो व किती, ते त्याच प्रस्तावात लिहिलेले असावे. मंजुरीच्या आदल्या दिवशी हातात पडणाऱ्या दोन पानी टिपणीवर कोणत्याही नगरसेवकाने सही करू नये.

आपला,
एक निवृत्त विमा सर्व्हेअर