त्या अंड्यांच्या उधारीबद्दल

मुंबई, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दिवाळीला आले नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, हे आईच्या आवाजावरूनच कळलं. बाबा म्हणाले, "अर्थसंकल्प मार्चात असतो, मग दिवाळीत कसली धावपळ?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, मार्चमध्ये विधानभवनात जे वाचलं जातं, ते तोवर बहुतेक ठरून गेलेलं असतं. प्रत्येक खातं आपले अंदाज कितीतरी आधी तयार करतं. जिल्ह्यांतून मागण्या येतात, चालू वर्षाचे आठमाही सुधारित अंदाज निघतात, मग वित्त विभाग कात्री लावतो. पुस्तक छापून आमदारांच्या हाती पडलं की भाषणं होतात, कपात सूचना येतात, पण मुलांच्या ताटासाठी त्यात रुपया वाढवून घेणं फार अवघड असतं. बोलायचं ते आत्ता, या दिवसांत. मुलांसाठीच्या सरकारी तरतुदींचा पाठपुरावा करणारे आम्ही कागदांची पिशवी घेऊन मंत्रालयात दालनांबाहेर बसतो ते यासाठी. आणि काम तरी काय, तर तुम्ही सोसायटीत केलंत तेच. मंजूर किती, वाटप किती, खर्च किती. नुसता मंजूर कर्जाचा आकडा बघून खूष होऊ नये, शेतकऱ्याच्या हातात किती पडलं ते बघावं, हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय. मी फक्त सोसायटीच्या खतावणीऐवजी सरकारी हिशेबातलं एक खातं, लेखाशीर्ष २२३६, उघडते. २२३६ म्हणजे पोषण आहार. आपल्या शेताच्या गटनंबरासारखा हा आकडा आता मला पाठ झालाय.

आई, तुला एक गोष्ट कधी बोलले नाही. आदिवासी भागासाठीची राज्याची अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली. आधी गरोदर आणि स्तनदा बायांना एक वेळचं चौरस जेवण होतं, मग अंगणवाडीतल्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी आली. मी तेव्हा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. सुट्टीत घरी आले होते, बाबांनी राजूरहून किराणा आणायला पाठवलं. दुकानदाराने वही उघडली. आपल्या खात्यावर साखर, चहा, तेल, आणि खाली चार ओळी नुसत्या अंड्यांच्या. तुझ्या अंगणवाडीत चाळीस मुलं. महिन्याला सोळा अंडी धरली तरी ६४० होतात. वरून पैसे आलेले नव्हते आणि तू अंडी बंद केली नव्हतीस. थंडीत बाजारातला भाव चढला, सरकारी दर मात्र तोच. फरकही आपल्याच खात्यावर. बाबांनी त्याबद्दल तुला कधी विचारलं नाही, मलाही सांगितलं नाही. मानधन मिळे ते किती, आणि तेही कधी वेळेवर!

त्या दिवशी मी सामान घेऊन एसटीत बसले आणि वाटभर हाच हिशेब करत राहिले. ही योजना बंद नव्हती. कागदावर तरतूद होती. मुलांच्या ताटात अंडं होतं. म्हणजे सगळं ठीकच दिसत होतं. मधली फट एका सेविकेच्या घरच्या उधारीने भरली होती आणि ती फट राज्याच्या कोणत्याच रकान्यात दिसणार नव्हती. अधिकारी व्हायचं सोडून मी हे का धरलं, असं बाबा तुम्ही चारदा विचारलंत. त्याचं उत्तर त्या वहीत आहे.

अंड्यांचंच आणखी सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंड्यामागे ५ रुपये धरून. पोरं बुधवारची वाट बघायला लागली, असं आपल्या गुरुजींनीच मला सांगितलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठी पैसे देणं थांबवलं. शाळांना हवं असेल तर लोकसहभागातून द्यावं, असं म्हटलं. वर्षाचे सुमारे ५० कोटी रुपये वाचले. आता लोकसहभाग कुठल्या गावात उभा राहणार? ज्या गावातल्या मुलाला घरी अंडं मिळतंच, तिथे. आपल्या वाडीत देणार कोण? मला या निर्णयाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मंत्रालयात मात्र राग बाजूला ठेवून आकडे मांडावे लागतात, ते अजून शिकते आहे.

अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा रोजचा दर केंद्राने २०१७ मध्ये ६ वरून ८ रुपये केला, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. यातला अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. त्यानंतर वर्षानुवर्षे तो दर आठवरच राहिला. आई, त्या वर्षी डाळ कितीला होती आणि नंतर कितीला झाली, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? राज्याला स्वतःच्या तिजोरीतून जास्त घालता येतात. अमृत आहार हे त्याचंच उदाहरण. त्यामुळे "दर केंद्राचा आहे, आमच्या हातात नाही" असं कुणी म्हणालं की मी तुझ्या अंगणवाडीची गोष्ट सांगते. नाव सांगत नाही, काळजी करू नकोस.

म्हणूनच एक मागणं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत तुझ्या जुन्या नोंदवह्या आहेत, हजेरीच्या, वजनाच्या, अंडी वाटपाच्या. रद्दीवाल्याला देऊ नकोस. पैसे कुठल्या महिन्यात आले आणि त्या महिन्यात हजेरी किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचंय मला. मुलांची नावं मी बाहेर कुठेही येऊ देणार नाही.

बाबा, तुमच्यासाठीही काम आहे. वरच्या आळीतली ती दोन भावंडं, ज्यांचे वडील कोरोनात गेले. त्यांच्या आईने बालसंगोपन योजनेचा अर्ज केला का, ते विचारा. पूर्वी त्यात मुलामागे महिन्याला ४२५ रुपये मिळत, मग १,१०० झाले, २०२३ च्या अर्थसंकल्पात २,२५० केले. एकल महिलांसाठी काम करणाऱ्या कितीतरी लोकांनी पाठपुरावा केला तेव्हा हे वाढले. दर वाढला तरी तरतूद त्या प्रमाणात वाढली नाही तर हप्ते लांबतात, त्याच्या मागे आम्ही आहोतच. पण अर्जच नसेल तर ती मुलं कुठल्याच यादीत नसतील, आणि त्यांच्यासाठी मागणार तरी काय? वडिलांचा मृत्यू दाखला, आईचा उत्पन्नाचा दाखला, आधार, मुलांचे शाळेचे बोनाफाईड आणि बँकेचं पासबुक जमवा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, मंजुरी बाल कल्याण समिती देते. बाईंना जिल्ह्याला एकटीला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. त्यांचा रोज बुडतो आणि तिथे एका फेरीत काम होईल असं नाही. पोच घ्यायला मात्र विसरू नका.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल, कुरिअरने पाठवते आहे. बाबांची गोळी रात्री जेवणानंतरची आहे, आधीची नाही.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आहे. तिथून परतताना चार दिवस घरी येईन. ट्रंक तेव्हा मीच खाली काढते, तुम्ही दोघांनी शिडी चढू नका. आणि राजूरला त्या दुकानात जाऊन यायचंय. आपली उधारी फिटली की बाबांनी त्यावर काट मारून घेतली असणार, पण वही असली तर तेवढ्या पानांचे फोटो काढून घेईन.

तुमची,
ताई