सड्यावरच्या मावशींना

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या सुनेच्या मोबाईलवर येईल आणि ती ते तुम्हाला वाचून दाखवेल, असं तिनं मला कबूल केलंय. चारचौघांसमोर लिहितेय, कारण रत्नागिरीहून निघताना मी पुढे केलेलं पाकीट तुम्ही माझ्याच पर्समध्ये परत कोंबलंत आणि म्हणालात, "पैसे नको. येतात त्यांना सांगा, म्हणजे झाला." गेल्या दिवाळीची गोष्ट. एवढे दिवस लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहून काढतेय.

तुम्ही त्या रिसॉर्टमध्ये भाकऱ्या करायला येता. आम्ही पुण्याहून चार दिवसांसाठी आलेली माणसं. खाली समुद्र, वर सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, मध्ये आठ-दहा खोल्या. पहिल्या सकाळी धाकट्यानं आंघोळीच्या खोलीत पन्हळीजवळ साप पाहिला आणि आम्ही सगळे कॉटवर चढलो, तेव्हा तुम्ही पिठाचे हात घेऊनच आलात. वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "ही नानेटी. हिला दातात विष नाय. बेडकं खायला आलीय." पोराला जवळ बोलावून तिच्या अंगावरचे दोन पिवळसर पट्टे दाखवलेत, मग खराट्यानं हळूच तिला बाहेरच्या गवतात लावून दिलंत. सापाशी इतकं साधं वागता येतं, हे माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मीसुद्धा.

त्यानंतर तो तुमच्या मागेच लागला. त्याची एक छोटी वही आहे, तुम्हाला आठवत असेल. त्यात त्यानं तुमच्याकडून ऐकून नावं उतरवली. उंबरावर येऊन बसणारी ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्यांची, जोडी. रात्री सड्यावर ओरडणारे कोल्हे. विहिरीच्या कठड्यावर ऊन खात पडलेली घोरपड. उंदरांमागे पडवीत शिरणारी धामण, जी गाईचं दूध पिते असं तुमच्याकडे म्हणतात आणि जी तसलं काही करत नाही, हेही तुम्हीच त्याला सांगितलंत. आणि फुरसं. "ता एवढुसा असता," असं म्हणून तुम्ही वीतभराहून थोडं जास्त हात लांब केले होते, "पण त्याच्यापास्नं लांब. जांभ्याच्या दगडाखाली बसता. आणि ता बोलता. तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारा चुर्रर करता. आवाज आला की हात मागे."

मावशी, ते "चुर्रर" तुम्ही सांगितलं नसतं तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही सकाळी उक्षीला कातळशिल्पातला हत्ती पाहून आलो. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुलं मागच्या अंगणात खेळत होती. तिथे खेळण्याच्या जागेला लागूनच बांधकामातले उरलेले चिरे रचून ठेवलेले होते आणि वाटेवरचे दिवे लावलेले नव्हते. याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. जिथे फुरशी सगळ्यांना माहीत आहेत, त्या मुलखात पाहुण्यांच्या पोरांच्या खेळण्याजवळ जांभ्याचा ढीग ठेवू नये, एवढं मालकांना कळायला हवं. चेंडू त्या ढिगाच्या फटीत गेला. पोरानं हात घातला. त्याला आवाज आला, हात मागे घेईपर्यंत उशीर झाला होता. तो रडत आला तो माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी तुमच्याकडे. पहिलं वाक्य हेच बोलला, "मावशी, चुर्र झालं."

उजव्या हाताच्या करंगळीखाली दोन बारीक टोचे. पेन्सिलीचं टोक टेकवल्यासारखे. थोडं रक्त आलं होतं आणि ते थांबत नव्हतं. मी ते पदरानं पुसत होते आणि ते परत येत होतं. मला वाटलं, लहान जखम आहे, थांबेल.

माझ्या नवऱ्यानं कमरेचा पट्टा काढला आणि पोराच्या दंडाला आवळायला घेतला. तो घाबरला होता आणि त्याला जे येत होतं ते तो करत होता. तुम्ही त्याचं मनगट धरलंत. आयुष्यात मी कुणा बाईला एका अनोळखी पुरुषाचा हात इतक्या जोरात धरताना पाहिलेलं नाही. "बांधू नका. काय्येक बांधू नका. कापू नका, चोखू नका." कुणीतरी ब्लेड आणलं होतं, ते तुम्ही चुलीमागे भिरकावून दिलंत. दोघे गडी काठ्या घेऊन चिऱ्यांकडे निघाले, त्यांना ओरडून परत बोलावलंत, "आता दुसऱ्या कुणाला चावून घेताव? गाडी काढा आधी."

मग तुम्ही पोराला पाटावर बसवलंत. चालू दिलं नाहीत. आजीनं दिलेलं चांदीचं कडं त्याच्या मनगटात होतं, ते साबण लावून काढलंत, कारण हात सुजणार होता. चुलीजवळचा लाकडी कालथा घेतलात, त्याच्या हाताखाली धरलात आणि तुमच्या खांद्यावरच्या फडक्यानं सैलसर गुंडाळून बांधलात, मोडलेल्या हाडाला आधार देतात तसा. फडक्याखाली एक बोट सरकतंय ना, ते स्वतः तपासलंत. त्याच वेळी डाव्या हातानं वाडीतलं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन लावून विचारलंत की सापाचं औषध आणि डॉक्टर दोन्ही आत्ता कुठे मिळतील. उत्तर आलं, सरळ रत्नागिरीला, जिल्हा रुग्णालयात जा.

व्यवस्थापक मध्येच म्हणाले, आधी जवळच्या दवाखान्यात दाखवू, किडाबिडाही असू शकतो, उगाच बभ्रा नको. तुम्ही तिथे नोकरीला आहात. रोजच्या मजुरीवर. तरी तुम्ही त्यांच्याकडे न बघता गाडीचं मागचं दार उघडलंत, आत बसलात आणि पोराला मांडीवर घेतलंत. पिठाचे हात धुवायलाही तुम्ही थांबला नव्हतात. त्याच्या शर्टावर तुमच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. तो शर्ट मी अजून धुतलेला नाही.

पाऊण तास गाडी चालली. तुम्ही त्याच्याशी बोलत राहिलात, पण "काही होणार नाही" असं एकदाही म्हणाला नाहीत. वहीत आता कितवं जनावर झालं, ते विचारत होतात. तो मोजत होता. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते मी आरशातून पाहिलं आणि ओरडले. तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही रस्ता बघा. पोरगा माझ्याकडे हाय."

रुग्णालयातल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे आभार मी तिथेच मानले, इथेही मानते. तिथे मला कळलं की फुरशाच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. त्यांनी पोराचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी न हलवता 20 मिनिटं तशीच ठेवली. ती 20 मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी होते. मग त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. लगेच सापाच्या औषधाच्या 10 व्हायल, म्हणजे कुप्या, सलाईनमधून सुरू केल्या. मी विचारलं, एवढ्याशा मुलाला एवढं औषध? डॉक्टर म्हणाले, साप लहान मुलाला विष कमी टोचत नाही, म्हणून औषधही मोठ्या माणसाएवढंच द्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारही विषांवर हेच एक औषध चालतं आणि ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं, हेही तेव्हाच समजलं. अर्ध्या तासात त्याच्या अंगावर गांधी उठल्या. सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, परत हळूहळू सुरू केलं. तिथे एक पैसा लागला नाही.

सहा तासांनी नळी पुन्हा भरली. रात्रीचे दोन वाजले होते. रक्त पुन्हा गोठलं नाही. पुन्हा 10 व्हायल.

त्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान बाहेरच्या बाकावर तुम्ही मला जे सांगितलंत, ते लिहायची तुमची परवानगी सुनेमार्फत मागितली होती. "लिव म्हणावं" असा निरोप आला. म्हणून लिहितेय.

पहिल्या दिवशी तुम्ही तांदळाची भाकरी थापत होतात तेव्हाच मी पाहिलं होतं. उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या पेरापाशीच संपतं. भाकरीच्या कडेला म्हणून तुमची एक खूण उमटते, एक छोटी खळगी, बाकीच्या बोटांपेक्षा खोल. विळीनं कापलं असेल, असं मी धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, लग्न होऊन वर्ष झालं होतं, वरकस जमिनीवर गवत कापताना फुरसं चावलं. दीरांनी काथ्याची दोरी बोटाला आवळली, मग मनगटाला, मग कोपराला. भगतानं दोन दिवस विष उतरवलं. दोरी सोडायची नाही, असं त्यानं बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी बोट काळं पडलं आणि मग माहेरच्यांनी रत्नागिरीला आणलं, याच इमारतीत. "विषानं नाय गेला ता," तुम्ही बोटाकडे बघत म्हणालात, "दोरीनं गेला."

मी तुमचा हात धरला आणि पहाटेपर्यंत सोडला नाही. काय बोलावं ते मला सुचलं नव्हतं. आता सुचतंय ते असं की, माझ्या नवऱ्याच्या हातातला पट्टा तुम्ही धरलात तेव्हा तुम्हाला तुमचीच दोरी दिसली असणार. तुमच्यासाठी तेव्हा असं हात धरणारं कुणी नव्हतं.

सकाळी आठला तिसरी नळी तिरकी केली. रक्त जागचं हललं नाही. नळीच्या तळाशी जांभळासारखी घट्ट गुठळी. परिचारिकेनं ती मला दाखवली आणि तुम्ही माझ्या आधी रडलात.

चौथ्या दिवशी घरी सोडलं. हाताची सूज उतरायला तीन आठवडे लागले. आता तो त्याच हातानं लिहितो, चेंडू टाकतो. रुग्णालयातल्या कॉटवरच त्यानं वहीत फुरसं काढलं होतं. तुम्ही चष्मा लावून ते तपासलंत आणि दोन चुका काढल्यात. डोक्यावर बाणासारखी खूण हवी, आणि अंगाच्या बाजूची पांढरी रेघ सरळ नसते, नागमोडी जाते. त्यानं खोडून पुन्हा काढलं. चित्राखाली त्यानं "वाईट साप" असं लिहिलं होतं, तेही तुम्ही खोडायला लावलंत. "त्याच्या घरात हात गेला तुझा," म्हणालात.

मला हे मान्य करायला वेळ लागला, मावशी. आई म्हणून मला ते जनावर मेलेलं हवं होतं. पण नंतर वाचलं की इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला बक्षीस लावलं होतं, ढिगांनी मारली गेली, आणि फुरशी आजही सड्यावर आहेतच. मारून ती संपत नाहीत. तो चिऱ्यांचा ढीग मात्र तिथून हलवता येतो. मी रिसॉर्टला तसं लेखी कळवलं. तुमच्या सुनेनं सांगितलं की ढीग हलवला, वाटेवर दिवे लागले आणि आता पाहुण्यांना खोलीत बॅटरी ठेवतात. तुमच्या नोकरीला धक्का लागला नाही ना, हे मी तिला तीनदा विचारलं.

तुम्ही सांगितलंत तसं मी सांगतेय. शेजारच्या चार कुटुंबांना सांगितलं, मुलाच्या शाळेत पालकसभेत सांगितलं. कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, दगडाच्या फटीत हात घालू नका, बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला. चावलंच तर बांधू नका, कापू नका, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-कडं काढा आणि जिथे औषध आहे त्या सरकारी रुग्णालयात थेट जा. सापाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. लोक विचारतात, तुम्हाला हे कुणी शिकवलं. मी सांगते, रत्नागिरीच्या सड्यावर आमच्या एक मावशी आहेत.

तुमचा कालथा रुग्णालयाच्या पिशवीतून चुकून आमच्याबरोबर पुण्याला आला. त्याच्या दांड्यावर एका बाजूला जळल्याचा डाग आहे आणि फडक्याची गाठ जिथे होती तिथे रक्ताचा एक ठिपका, तो घासूनही जात नाही. पोरगा तो कुणाला वापरू देत नाही. तुम्ही तेव्हापासून भाताला काय वापरता, याची मला रोज काळजी वाटते. मे महिन्यात आम्ही येतोय, त्या रिसॉर्टवर नाही, तुमच्या घरी. कालथा घेऊन येतोय आणि त्याच्याबरोबर एक नवाही. पोराला पडवीत झोपायचंय. वही त्यानं आत्ताच पिशवीत भरून ठेवलीय.

तुमची,
त्या पोराची आई