आशाताईंच्या घरभेटींचं मोल

मा. संपादक,

माझी नात ऐन थंडीत जन्मली, वजनानं कमी. तिसऱ्याच दिवशी आमच्या गावच्या आशाताई (सरकारी आरोग्य योजनेतल्या ‘आशा’ स्वयंसेविका) काटा आणि थर्मामीटर घेऊन दारात हजर! बाळाला आईच्या उघड्या छातीशी कसं धरायचं ते त्यांनीच सुनेला शिकवलं. शेगडीची धग देऊ नका, असं मलाही ठणकावलं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत अशा ६ भेटी ठरलेल्या असतात. नवजात बाळांची ही घरोघरची काळजी डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत उभी केली, याचा आम्हा वैदर्भीयांना अभिमान आहे. पण सहाही भेटींचे मिळून २५० रुपये, आणि तेही थकतात? पावसाळ्यात टोल्या-पाड्यांपर्यंतची पायपीट कोण मोजतं? मोबदला वाढवा, दरमहा द्या.

– एक आजी, जि. चंद्रपूर