दुबईहून आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि निम्मं राहूनच जातं, म्हणून सलग लिहून पाठवतेय. मी ठणठणीत आहे. जेवणाखाण्याचं, रूममेट्सचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आई, टीव्हीवर इथलं तापमान बघून घाबरत जाऊ नकोस. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला इथे सरकारचीच बंदी असते. आणि माझं काम मुळात इमारतीच्या आतलं.

मी अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडते म्हटल्यावर तू ओरडलीस, तर ते एकदा नीट समजून घे. उन्हाळ्यात इथे सगळे गीझर बंद करतात आणि थंड पाणी गीझरमधूनच घेतात! टाकी गच्चीवर, त्यामुळे निळ्या खुणेच्या नळाला भर दुपारी हात पोळेल असं पाणी येतं. गीझर मात्र एसीच्या घरात. त्याचं बटण बंद ठेवलं की आतलं पाणी रात्रभर निवतं. म्हणून लाल खुणेचा नळ सोडायचा. तेवढं पाणी संपलं की मागून पुन्हा पोळणारंच येतं, म्हणून पहिल्या अंघोळीवाल्याने मागच्यांसाठी जपून वापरायचं. थंडीत सगळं परत सरळ. पहिल्या आठवड्यात मलाही कुणी सांगेपर्यंत हे कळलं नव्हतं.

बाबा, तुम्ही विचारलंत, हॉटेलच्या खोल्या नटवायला एवढ्या लांब कशाला, ठाण्यात हॉटेलं नाहीत का? आहेत. पण हे नटवणं नाही. आमच्या खोल्यांमध्ये पलंगामागची भिंत जमिनीपासून वळत वळत छतापर्यंत जाते आणि तिच्यात सांधा कुठे दिसता कामा नये. लाकूड नाही, प्लाय नाही. अ‍ॅक्रिलिक आणि खनिजाच्या भुकटीचे शीट असतात. ते साधारण 150 अंशांपर्यंत तापवून साच्यावर वाकवायचे, त्याच रंगाच्या गोंदाने जोडायचे, क्लॅम्प लावून ठेवायचे आणि मग पॉलिश पेपर बदलत बदलत घासायचं. वागळे इस्टेटच्या कारखान्यात तुम्ही सनमायकाच्या कडेवरून नख फिरवायचात ना, तसं मी इथे प्रत्येक सांध्यावरून फिरवते. नख अडलं की पुन्हा घासायला लावते. मास्क लावते, धूळ ओढणारं मशीनही असतं, काळजी नको.

झाहा हदीद या नावाजलेल्या आर्किटेक्ट. त्यांनी 2005 साली माद्रिदच्या एका हॉटेलात एक अख्खा मजला असाच केला, भिंत, पलंग, बाथटब सगळं एकातून एक निघालेलं. आमचे डिझायनर त्याचे फोटो सारखे दाखवतात. त्यांची ओपस ही इमारत तर इथेच बिझनेस बेमध्ये आहे, मुद्दाम जाऊन बघितली. काचेचा मोठा चौकोन आणि त्याच्या मधोमध वेडीवाकडी पोकळी. त्यातल्या हॉटेलचं आतलं-बाहेरचं दोन्ही काम त्यांच्याच डिझाइनचं. हॉटेल उघडलं 2020 मध्ये, त्या 2016 लाच गेल्या. बराच वेळ मी तिथे नुसती बघत उभी होते.

एक मात्र मला पटलेलं नाही. भविष्यातली खोली म्हणजे बटणच नको, दिवे, पडदे, एसी सगळं टॅबवर. रात्री उठलेल्या माणसाने काय करायचं? नमुन्याची खोली झाली तेव्हा मी म्हटलं, अंधारात हाताला लागेल असं एक बटण पलंगाशी हवंच. आता प्रत्येक पलंगाच्या दोन्ही बाजूंना साधं, दाबायचं बटण बसवलंय. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही होता, बाबा, चष्मा चाचपडणारे.

आता मुद्द्याचं. कंपनीने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला आणि मी सही केली. आधी सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मग माझ्याने सही झाली नसती. दादाच्या साखरपुड्याला जमणार नाही, त्याच आठवड्यात हॉटेलचा ताबा द्यायचा आहे. लग्नाला हळदीच्या आधी पोचते, तिकीट काढलंय. वहिनीला माझ्या वतीने साडी आईनेच घ्यावी, राम मारुती रोडवरून, हात आखडता घेऊ नकोस.

मावशीने सुचवलेलं डोंबिवलीचं स्थळ चांगलं आहे, पण दोन वर्षं कुणाला ताटकळत ठेवणं बरं नाही. नाही म्हणून कळवा. मावशी रागावली तर तिच्याशी मी बोलेन. आणि आई, इथे कुणी नाहीये. असता तर तुला पहिल्यांदा सांगितलं असतं.

फ्लॅटचा हप्ता नेहमीसारखा जाईल. त्याशिवाय जे पैसे आलेत ते बाबांच्या मोतीबिंदूचे. बाबा ते लग्नाकडे वळवतील म्हणून आईच्या खात्यावर टाकलेत. लग्नाचे मी वेगळे पाठवते. डॉक्टरांकडे दादाला सोबत न्या आणि ऑपरेशननंतर महिनाभर तरी कारखान्याच्या धुळीत जाऊ नका. मी तिथे असते तर गाडीची किल्लीच लपवली असती. तारीख ठरली की लगेच फोन करा, रात्र झाली तरी चालेल, तुमच्याकडे साडेदहा म्हणजे माझ्याकडे नऊच वाजलेले असतात.

तुमची,
मुक्ता