खांबाला बांधलेला चोर

महोदय,
रात्री घरात शिरलेल्या चोराला कितीही मारले तरी गुन्हा होत नाही, हा समज अर्धाच खरा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 नुसार सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क चोराचा जीव घेण्यापर्यंत जातो; पण कलम 37 ची मर्यादा सुटत नाही: गरजेपुरतीच इजा. चोर निःशस्त्र होऊन खांबाला बांधला गेला की गरज संपली. पुढचा प्रत्येक दांडका म्हणजे कृतीही आणि हेतूही, गुन्ह्याचे दोन्ही घटक हजर! शिवाय स्वसंरक्षणाचा बचाव सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 108 प्रमाणे आरोपीवरच, म्हणजे मारणाऱ्यावरच. तो बचाव संशयातीत सिद्ध करावा लागत नाही, संभाव्य वाटला तरी पुरतो. मात्र मनगटावर दोरीचे वळ आणि जखमा पाठीवर असतील तर तेवढेही जड जाते.

– एक फौजदारी वकील, सातारा